डावा खांदा

रफूमावशींच्या दुकानावर पाटी होती, 'येथे उत्तम रफू करून मिळेल', आणि आत डोकावून पाहावं तर बाई नवीकोरी पँट मांडीवर घेऊन कानशीने घासत बसलेल्या. नवं गिऱ्हाईक दारातच थबकायचं. मग मावशी चष्म्यावरून बघत म्हणायच्या, "या, या, घाबरू नका. हे स्टेजवाल्यांचं आहे. तुमचं नाही फाडणार."

दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढचं दार गल्लीत, आणि मागची खिडकी शहरातल्या सगळ्यात मोठ्या सभागृहाच्या मागच्या दारासमोर, जिथे ट्रकमधून ड्रम, दिवे आणि भल्या मोठ्या काळ्या पेट्या उतरायच्या. खिडकीशी टेबल, टेबलावर भिंगाचा दिवा, कोपऱ्यात दोन लाकडी पुतळे. एक बुटका, एक उंच. मावशी त्यांच्याशी बोलायच्या. "सरक जरा, उजेड अडवतोस" असं लाकडाला सांगणारी बाई होती ती!

काम शिकल्या वडिलांकडून. वडिलांचा एकच हट्ट होता: रफू दिसला तर तो रफू नव्हे, ठिगळ. कापडाच्याच आतल्या दुमडीतून धागे उपसायचे, आधी उभे भरायचे, मग आडवे. काम झालं की कापड उजेडात धरायचं आणि भोक कुठे होतं ते आपलं आपण शोधायचं. सापडलं तर उसवा आणि पुन्हा बसा. वडिलांनी जन्मभर इतकं चोख काम केलं की ते कुणाला दिसलंच नाही. मावशी हे अभिमानाने सांगायच्या खऱ्या, पण सांगताना आवाज जरा बसायचा. न दिसणाऱ्या कामाला शाबासकी कोण देणार?

तर अशा घरातली ही बाई फाडायला कशी लागली, त्याची गोष्ट आहे. आणि ती सुरू झाली एका घोळातून.

वीस वर्षांपूर्वी एका सकाळी सभागृहाच्या बाजूने एक मॅनेजर धापा टाकत आला. टेबलावर एक निळं, जाड ड्रिलचं जाकीट टाकलं. कारखान्यातले कामगार घालतात तसलं. "एवढं नीट करून ठेवा, संध्याकाळी नेतो," एवढं बोलून गेलासुद्धा. मावशींनी जाकीट उलगडलं. पुढचं एक बटण लोंबत होतं, आणि डाव्या खांद्यावर चांगलं चार बोटं फाटलेलं. काटकोनात. बटणाला दोन मिनिटं लागली. खांद्याला मात्र पूर्ण दिवस. जेवण नाही, खाणं नाही, मान वर केली नाही. संध्याकाळी उजेडात धरलं, आणि स्वतःलाच भोक सापडेना. वडील असते तर काही बोलले नसते, नुसते "हं" म्हणाले असते. त्यांचं "हं" म्हणजे फार झालं.

मॅनेजर आला, जाकीट पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"बाई, फाटलेलं कुठे गेलं?"

"गेलं," मावशी फुशारकीने म्हणाल्या. "शोधून दाखवा."

"अहो, मी बटण लावायला दिलं होतं! ते फाटलेलंच तर हवं होतं!"

मग कळलं ते असं. जाकीट एका नव्या गायकाचं होतं. डोळ्यांभोवती काळं फासून, गिटार कमरेच्या खाली लटकवून, घसा फुटेस्तोवर गाणारा. पोरं त्याला 'भडका' म्हणायची. त्याचे वडील म्हणे कारखान्यात होते, यंत्राच्या पट्ट्याने त्यांना खांद्याला धरून आत ओढून घेतलं. ते त्यांचंच जाकीट. दर कार्यक्रमात भडका गाणं मध्येच थांबवायचा, त्या भोकात बोट घालायचा आणि म्हणायचा, "माझा बाप इथून गेला." सगळं सभागृह उभं राहायचं. एक मिनिट शांतता. ड्रमवाला मनात साठ मोजायचा आणि मग जे काही उसळायचं, की छपराची धूळ खाली यायची.

मावशींनी खांदा चाचपला. मेलेल्या माणसाची शेवटची खूण आपण बुजवली! पंधरा मिनिटांत खुद्द भडका दारात. पंचविशीचा, काडीसारखा. मावशी हात जोडून रडायलाच लागल्या. "बाबा, मला माफ कर. मला काय ठाऊक? मी फाटलेलं पाहिलं आणि जोडलं. मला दुसरं काही येतच नाही."

त्याने दार लावून घेतलं. जाकीट उजेडात धरून बराच वेळ बघितलं. मग हळूच म्हणाला, "मावशी, रडू नका. हे मी मागच्या महिन्यात बाजारातून आणलंय. भोक मीच पाडलंय, कात्रीने. म्हणून तर नीट जमलं नव्हतं. आता तुम्हीच फाडा. खरं वाटेल असं."

"आणि वडील?"

भडक्याने भिंतीवरच्या आरशाकडे पाहिलं. "वडील नाहीत," म्हणाला.

मावशींनी ते सगळेजण घेतील त्याच अर्थाने घेतलं. बिचाऱ्याचा बाप तर खरंच नाही, मग जाकीट नवं का जुनं, काय फरक पडतो? कानस घेतली, खरखरीत दगड घेतला, तारेचा ब्रश घेतला. अर्ध्या तासात असा खांदा फाडून दिला की यंत्रालाही जमला नसता. जो उत्तम जोडतो त्यालाच उत्तम फाडता येतं, कारण कुठला धागा आधी तुटेल ते त्याला ठाऊक असतं. त्या दिवसापासून मावशी भडक्याच्या झाल्या. दर दौऱ्याला नवं जाकीट यायचं, मावशी ते चहाच्या पाण्यात बुडवून, घासून, वाळवून वीस वर्षं जुनं करायच्या, आणि शेवटी डावा खांदा. शिवणकामही हळूहळू त्यांच्याकडेच आलं. माप घेताना लक्षात आलं की भडक्याचा डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर वर आहे.

"हा असा कसा रे?"

"लहानपणी गोण्या वाहिल्या," तो म्हणाला.

मग मावशी उजव्या खांद्यात कापसाची भर घालून दोन्ही सारखे करायच्या. डाव्या जबड्याखाली एक जुनाट, जाडसर, तपकिरी डागही होता. तो रस्त्यावरच्या मारामारीतला, असं मासिकांत छापून आलेलं होतं. वही होती मापांची, तीत मावशी लिहायच्या, 'डावा वर. उजवीकडे भर.' वीस वर्षं तेच वाक्य.

भडक्याची माणसं एका शब्दावर जगायची, 'खरं'. आपलं संगीत खरं, रस्त्यावरचं, भुकेचं. "मी कुणाकडे शिकलो नाही," तो माईकवर गरजायचा, "मला शिकवायला कुणी नव्हतंच!" आणि पोरं बेभान व्हायची. उलट बाजूला होती चमचम. अंगभर टिकल्यांचे चंदेरी कपडे घालून नाचत गाणारी पोरगी, जिची गाणी तीन वर्षांच्या मुलांना पाठ. तिचेही कपडे मावशींकडेच. भडका तिला जाहीरपणे 'चावीची बाहुली' म्हणायचा. दोघांच्या चाहत्यांची एकदा याच गल्लीत जुंपली होती, मावशींची पाटी फुटली त्यात.

आता बघा गंमत. त्या चावीच्या बाहुलीच्या प्रत्येक पोशाखाच्या आत, डाव्या बाजूला, वीतभर जुनं चेकचं कापड शिवलेलं असायचं. तिच्या वडिलांच्या शर्टाचं. वडील बस चालवायचे, आता घरी होते. शर्ट विटून पातळ झाला होता, तरी चमचम म्हणायची, "मावशी, तेवढं आत घालच. टिकल्या टोचतात ना, तिथे पप्पा असू दे." आणि ते पप्पा प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसायचे आणि तिसऱ्या गाण्याला चक्क घोरायचे.

"तुझा मॅनेजर काही म्हणत नाही?" मावशींनी एकदा विचारलं.

"म्हणतो ना. म्हणतो, मागे अंधारात बसवू, फोटोत येतात. मी म्हटलं, मला दिसतील असे बसव, नाहीतर तूच नाच."

मावशी खूप हसल्या होत्या. पण नंतर तो आतला चेकचा तुकडा टाचताना त्यांच्या मनात येऊन गेलं, की खोटी म्हणतात ती ही, आणि खरा म्हणतात त्याचं भोक माझ्या कानशीचं. मग त्यांनी स्वतःलाच दटावलं. स्टेज ते स्टेज. तिथल्या राजाचा मुकुटही पुठ्ठ्याचाच असतो.

भडक्याला वीस वर्षं झाली म्हणून त्या सभागृहात मोठा कार्यक्रम ठरला. जाकीट तयार होऊन उंच पुतळ्यावर चढलेलं होतं, खांदा फाडून. कार्यक्रमाला चार दिवस होते. दुपारी तीनच्या सुमाराला एक म्हातारे गृहस्थ दारात आले. पंच्याहत्तरी ओलांडलेले, दाढी घोटलेली, बुटांना पॉलिश. हातावर घडी घातलेला एक तपकिरी लोकरीचा कोट.

"खरा रफू करणारं आता शहरात तुमचंच एक दुकान आहे म्हणतात," ते जरा मोठ्याने म्हणाले. कानात यंत्र होतं. "कसर लागली आहे. चार दिवसांत होईल का? एका कार्यक्रमाला जायचंय."

मावशींनी कोट घेतला. पाठीवर आणि कोपरावर भोकं. "घालून दाखवा बघू, कुठे ताण येतो ते कळेल."

म्हाताऱ्यांनी कोट घातला आणि पाठ फिरवली. मावशींचे हात माप घ्यायला गेले आणि तिथेच थांबले. हा खांदा त्यांना ठाऊक होता. डावा वर, बोटभर. वीस वर्षं त्या या खांद्यावर टाचण्या लावत होत्या.

"मास्तर," त्या म्हणाल्या. का कुणास ठाऊक, माणूस मास्तरच वाटत होता. "हा डावा खांदा असा वर कसा?"

"व्हायोलिन," ते हसले. "पन्नास वर्षं शिकवलं. ते खांद्यावर बसतं ना, मग उठतच नाही. आणि हे बघा, हे हनुवटीखाली." त्यांनी कॉलर खाली केली. डाव्या जबड्याखाली तसाच तपकिरी डाग. "लहानपणी सुरुवात केली की खांदा तसाच वाढतो. माझ्या मुलाचाही..."

त्यांची नजर पुतळ्यावर गेली होती.

"हे रफूला आलंय?"

"नाही," मावशींच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "हे फाडायला आलं होतं."

मास्तर पुतळ्याजवळ गेले. खिशातून दुसरा चष्मा काढून चढवला. मग अगदी अलगद, वाद्याला हात लावावा तसं, त्यांनी एक बोट त्या भोकात घातलं.

"बाई," ते म्हणाले, "मी इथून गेलो म्हणतात."

मावशींनी खुर्ची पुढे केली. आधी मास्तरांसाठी, पण स्वतःच बसल्या.

पाणी प्यायल्यावर मास्तर बोलले, तेही तक्रार करायची म्हणून नव्हे. पाचव्या वर्षापासून मुलाला शिकवलं. रोज सकाळी शाळेआधी पाऊण तास. मोकळी तार, पहिलं बोट, दुसरं, तिसरं, आणि परत. हात सोन्यासारखा होता. मग त्याने व्हायोलिन सोडून गिटार धरली, त्याचंही मास्तरांना वाईट वाटलं नाही, सूर तो सूर. पण त्या वेळच्या कुठल्याशा माणसाने त्याला सांगितलं की चष्मेवाल्या व्हायोलिन मास्तरांच्या पोराचा राग कोण विकत घेणार? राग यायला काहीतरी झालेलं हवं. आणि एका मुलाखतीत तो बोलून गेला. त्याच दिवशी फोन केला, "बाबा, ते नुसतं स्टेजवरचं आहे." मास्तर म्हणाले, "बरं." मग त्याची आई गेली. मग घरी येणं अवघड झालं, कारण मेलेल्या माणसाकडे येणार कसं, कुणी पाहिलं तर? औषधं येतात, पत्र येतं. माणूस येत नाही.

"मग आता कशाला जाताय?" मावशींचा आवाज चढला. "तिथे तुमच्या नावाने लोक उभे राहणार आहेत!"

"माझे कान चाललेत बाई. आधी वरचे सूर गेले. डॉक्टर म्हणतात, वर्ष संपेपर्यंत सगळंच जाईल. मी त्याला लोकांसमोर वाजवताना एकदाही ऐकलेलं नाही. रेडिओवर ऐकतो, पण तो काही हात नव्हे. एकदा समोर बसून ऐकायचंय, बस." मग घाईघाईने म्हणाले, "त्याला कळवू नका हं. त्याचं चांगलं चाललंय. मला शब्द द्या."

मावशींनी शब्द दिला. तिकीट पाहायला मागितलं. सगळ्यात वरची गॅलरी, शेवटून दुसरी रांग. तिथे धड कानांच्या माणसालाही नुसता धडधडाट ऐकू येतो. संध्याकाळी चमचम माप द्यायला आली, तिला सभागृहाकडून प्रत्येक कार्यक्रमाचा पास मिळायचा हे मावशींना ठाऊक होतं.

"भडक्याच्या कार्यक्रमाचा? घे की!" चमचम म्हणाली. "मी गेले तर त्याची माणसं मला कच्ची खातील. तिसरी रांग आहे, मधोमध. कोण जाणार आहे?"

"एक बाप," मावशी म्हणाल्या. चमचमने पुढे काही विचारलं नाही.

मास्तरांचा कोट दोन दिवसांत झाला. मावशींनी तो उजेडात धरला, भोक सापडलं नाही, पण वडिलांचं "हं" काही या वेळी कानावर आलं नाही. कारण पाठीमागे पुतळ्यावर ते जाकीट उभं होतं. मावशी पुन:पुन्हा वळून बघायच्या. 'यंत्राने नाही मारलं त्या माणसाला,' त्यांच्या मनात येत राहिलं. 'मी मारलं. दर दौऱ्याला, या हातांनी, कानशीने. आणि वर विचारलंसुद्धा नाही की वडील नाहीत म्हणजे काय रे?' ती बाई त्या दुपारी टेबलावर डोकं ठेवून रडली.

मग उठल्या. जाकीट पुतळ्यावरून उतरवलं, भिंग ओढलं. आतल्या दुमडीतून निळे धागे उपसले. आधी उभे, मग आडवे. भडक्याला कळवणार नाही असा शब्द दिला होता. फाटकंच ठेवीन असा कुठे दिला होता? पुरे दोन दिवस लागले. वीस वर्षांपूर्वी चुकून केलं ते या वेळी जाणूनबुजून केलं. आणि कार्यक्रमाच्या दिवशी, अगदी शेवटच्या क्षणाला, पडद्यामागच्या अंधारात त्यांनी ते स्वतः भडक्याच्या अंगावर चढवलं. तो आपल्याच तंद्रीत होता, बघितलंही नाही.

मावशी नेहमीप्रमाणे स्टेजच्या बाजूला सुई-दोरा घेऊन उभ्या राहिल्या. तिथून पहिल्या चार-पाच रांगा दिसायच्या. तिसऱ्या रांगेत, काळ्या बनियनवाल्या, ओरडणाऱ्या पोरांच्या मध्ये, तपकिरी कोट. मास्तर ताठ बसले होते. गोंगाट फार झाला तेव्हा त्यांनी कानातल्या यंत्राचं चाक फिरवून आवाज कमी केला, पण नजर भडक्याच्या डाव्या हातावरून हलली नाही. बोटं बघत होते ते. मांडीवर त्यांचीही बोटं चाललेली होती.

आणि ती वेळ आली. गाणं मध्येच थांबलं. भडक्याने हात खांद्याकडे नेला.

बोट घसरलं.

पुन्हा नेलं. कापड अखंड होतं. मागच्या हजारो लोकांना एवढ्या लांबून काय दिसणार? त्यांना बोट खांद्याशी गेलेलं दिसलं, पुरे झालं. भोक कधीच कुणाला दिसत नव्हतं, मावशींना हे त्या क्षणी कळलं. वीस वर्षं ते नुसतं त्यात बोट घालणाऱ्या एका माणसासाठी होतं.

"माझा बाप..." भडका म्हणाला आणि अडखळला. त्याने बाजूला मावशींकडे पाहिलं. मावशींनी मान खाली घातली नाही. सभागृह उभं राहिलं होतं. अशा वेळी प्रेक्षकांवरचे दिवे लावायची पद्धत होती, कॅमेऱ्यांत वाकलेली डोकी यावीत म्हणून. दिवे लागले. मावशींनी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं, आणि त्यांच्या नजरेमागोमाग भडक्यानेही.

मास्तरही उभे होते. सगळ्यांबरोबर, हात जुळवून, मान वाकवून. स्वतःसाठी.

ड्रमवाल्याचे साठ झाले. त्याने काठ्या उचलल्या आणि भडक्याकडे पाहिलं. भडका हलेना. सत्तर झाले, नव्वद झाले. कुणी खोकलंही नाही. आणि मग मास्तरांनी मान वर केली. त्यांच्या हिशेबाने आता गाणं सुरू व्हायला हवं होतं. त्यांनी कानातल्या यंत्राचं चाक फिरवलं. परत फिरवलं. यंत्र काढून तळहातावर आपटलं, पुन्हा घातलं. त्यांचा चेहरा मावशींना स्पष्ट दिसत होता, आणि तो चेहरा त्यांना जन्मभर विसरता आला नाही. मास्तरांना वाटत होतं, गाणं सुरू झालंय आणि आपले कान गेले. आत्ता. इथे. ते घाबरून आजूबाजूच्या पोरांच्या तोंडाकडे बघत होते.

भडक्याला ते कळलं. मावशींना ते त्याच्या खांद्यावरून कळलं. तो गिटार वर ओढत होता, कमरेखालून छातीपर्यंत. त्याने एक तार छेडली. मोकळी तार. मग पहिलं बोट. दुसरं. तिसरं. आणि परत. सावकाश, लहान मुलाने शाळेआधी वाजवावं तसं. पुन्हा पहिल्यापासून. मास्तर गोठल्यासारखे उभे राहिले. मग त्यांचा हात कानावरून खाली आला आणि त्यांची बोटं कोटाच्या कॉलरवर, त्याच्याबरोबर, एक एक करून पडू लागली. भडका रडत होता. डोळ्यांभोवतीचं काळं गालांवर उतरलं होतं. लोकांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच नवा भाग. टाळ्यांचा नुसता पाऊस.

कार्यक्रम संपल्यावर भडका तिसऱ्या रांगेकडे धावला, तोवर मास्तर गर्दीबरोबर निघून गेले होते. स्वतःला दिलेला शब्द त्यांनी पाळला होता, त्याला त्रास न देण्याचा.

दोन महिने भडका दुकानात फिरकला नाही. मावशींनी मनाची तयारी केली होती, हे काम गेलं. चमचमच्या टिकल्या टाचत राहिल्या. मग एका दुपारी तो आला. साधा पांढरा शर्ट, डोळे धुतलेले. मावशींनी त्याला कधी असा पाहिलाच नव्हता. स्टुलावर बसला.

"रागाव," मावशी म्हणाल्या. "काय बोलायचं ते बोलून टाक."

"दुसऱ्याच दिवशी सकाळी घरी गेलो," तो म्हणाला. "दार उघडलं, मला पाहिलं, आणि पहिलं वाक्य काय म्हणाले माहितीये? म्हणाले, तिसरं बोट अजून घाई करतं." तो हसायला गेला, पण हसू काही आलं नाही. "एका पेपरवाल्याला मी सगळं खरं सांगितलं, मावशी. की बाप जिवंत आहे, त्यांनीच शिकवलं. त्याने छापलं, 'आपल्या वृद्ध गुरूंना भडका वडील मानतो.' बाप कारखान्यातच गेला पाहिजे लोकांना. आता काय करू?"

मावशींनी विचारलं, "मास्तर कसे आहेत?"

"रोज जातो. वाजवतो त्यांच्यासमोर." त्याने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. "गेल्या आठवड्यापासून त्यांना काहीच ऐकू येत नाही. वीस वर्षं ऐकू येत होतं, तेव्हा मी गेलो नाही. आता माझ्या बोटांकडे बघत बसतात, आणि चुकलं की गुडघ्यावर टिचकी मारतात."

मावशींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मागच्या दाराशी ट्रकमधून पेट्या उतरत होत्या.

"नवीन जाकीट शिवायचंय," शेवटी तो उठून म्हणाला. "नवंच दिसू दे. घासू नका."

"आणि खांदा?"

"फाडू नका. आणि मावशी, उजवीकडची ती भर पण नको."

"वाकडा दिसशील रे. लोक हसतील."

"दिसू दे."

मावशींनी टेप काढली. तो पाठ फिरवून उभा राहिला आणि त्यांनी माप घेतलं, सावकाश, जणू पहिल्यांदाच घेतायत. मग वही उघडली. डोळे भरून आल्यामुळे अक्षर तिरकं आलं. लिहिलं, 'डावा वर. वडिलांसारखा. असू दे.'